वाचकाची नोंद किती ठेवायची, कधी नष्ट करायची, कोणाला दाखवायची

देवघेव रजिस्टरचं कुठलंही जुनं पान काढा. तारीख, वर्गणीदार क्रमांक, नाव, पुस्तकाचा दाखल क्रमांक (वाचनालयात आल्यावर पुस्तकाला मिळतो तो), पुस्तकाचं नाव, सही, परत आल्याची तारीख. आता एकाच क्रमांकावर बोट ठेवून मागे मागे जा. दोन वर्षांची पानं उलटली की तो माणूस कळायला लागतो. मधुमेहींचा आहार, मग घटस्फोटाचा कायदा, मग स्पर्धा परीक्षेचा भूगोल, मग आंबेडकरांच्या भाषणांचे खंड, मग मार्क्सवादावरचं एखादं. घरच्यांना ठाऊक नसेल इतकं त्या रजिस्टरला ठाऊक असतं. आणि ते दिवसभर काउंटरवर उघडं पडलेलं असतं, दोरीने बांधलेल्या पेनाशेजारी.

मी तालुक्याच्या गावातल्या 'ब' वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. राज्यात आपल्यासारखी हजारो अनुदानित वाचनालयं आहेत. बहुतेकांकडे एक ग्रंथपाल, एखादा लिपिक, एक शिपाई आणि कायम उशिरा येणारं अनुदान. वकील ठेवणं आपल्याला परवडत नाही, म्हणून हे लिहिते आहे. यातलं जवळजवळ सगळं बिनखर्चाचं आहे.

"आपल्या वाचनालयावर कोण कशाला पाळत ठेवील?" हा प्रश्न आमच्या कार्यकारी मंडळातही आला होता. सरकारी पाळत म्हटलं की लोकांना फोन टॅपिंग आठवतं. वाचनालयात ती येते तेव्हा अगदी साध्या वेशात येते. पोलिसांच्या गोपनीय शाखेचा हवालदार असतो, ओळखीचाच. पेपर चाळतो, चहा घेतो आणि निघताना म्हणतो, "मॅडम, अभ्यासिकेतली ती चार पोरं कोणती पुस्तकं नेतात, जरा बघून ठेवा ना." हे मला विचारलं गेलं आहे. मी म्हटलं, "साहेब, लेखी द्या, मंडळापुढे ठेवते." पत्र कधी आलं नाही. त्यांच्यावर राग धरायचं कारण नाही, माहिती काढणं हे त्यांचं कामच आहे. पण ती पोरं विश्वासाने पुस्तक नेतात, त्या विश्वासाची राखण करणं हे आपलं काम आहे.

या सगळ्याचं मूळ सूत्र एवढंच: जी नोंद आपल्याकडे नाही ती कोणीही मागून नेऊ शकत नाही. म्हणून पोलिसांना काय उत्तर द्यायचं हा भाग मी शेवटी ठेवला आहे. खरं काम त्याच्या कितीतरी आधी, कपाटात आणि काउंटरवर होतं.

आधी कायद्याचं थोडं

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्यात मान्यता आहे, अनुदान आहे, परिषद आणि समित्या आहेत. वाचकाच्या नोंदी गुप्त ठेवण्याबद्दल तरतूद नाही. अमेरिकेत बहुतेक सगळ्या राज्यांनी वाचनालयाच्या नोंदींच्या गोपनीयतेसाठी वेगळे कायदे केले आहेत. आपल्याकडे तसं काही नाही, त्यामुळे 'आमच्या कायद्यात बसत नाही' असं म्हणून कोणाला परत पाठवता येत नाही.

मग आधार कशाचा? पहिला, २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर त्यामागे कायदा हवा, रास्त कारण हवं आणि कारणाच्या मानानेच हात घातलेला हवा. दुसरा आधार मला जास्त जवळचा वाटतो, कारण तो थेट आपल्या कपाटाबद्दल बोलतो. २००४ मध्ये कॅनरा बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ग्राहकाने कागद बँकेकडे दिले म्हणून त्या कागदांवरचा त्याचा खासगीपणा संपत नाही. तो हक्क जागेला चिकटलेला नसून माणसाला चिकटलेला असतो. जिल्हाधिकाऱ्याने नेमलेल्या कोणालाही जाऊन कागद तपासू देणारी आंध्रातल्या मुद्रांक कायद्याची तरतूद त्यात रद्द झाली. बँकेच्या जागी वाचनालय आणि खात्याच्या जागी देवघेव ठेवून हा निकाल मंडळाला समजावून सांगा, लगेच कळतो.

तिसरा, २८ जुलै २०२३ चा. भीमा कोरेगाव प्रकरणात व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा या कार्यकर्त्यांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं की एखादं साहित्य नुसतं जवळ असणं, त्यात हिंसेला उत्तेजन असलं तरी, यूएपीएच्या, म्हणजे बेकायदेशीर कृत्यं प्रतिबंधक कायद्याच्या, चौथ्या आणि सहाव्या प्रकरणाखालचा गुन्हा ठरत नाही. हे जरूर लक्षात ठेवा. त्याच वेळी हेही लक्षात ठेवा की तो निकाल लागेपर्यंत दोघांची जवळजवळ पाच वर्षं कोठडीत गेली होती.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यातलं आपल्या कामाचं तत्त्व म्हणजे ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसायची. पण हा कायदा संगणकावरच्या किंवा नंतर संगणकावर चढवलेल्या माहितीला लागू आहे. कागदी रजिस्टर त्यात येत नाही. शिवाय सरकारी यंत्रणांना त्यात मोठ्या सवलती आहेत. तेव्हा 'आता डेटा कायदा आला, तो बघून घेईल' असं म्हणून स्वस्थ बसण्यात अर्थ नाही.

कागदावरची नोंद

ग्रंथालय प्रमाणपत्राच्या परीक्षेला ब्राऊन आणि नेवार्क अशा दोन पद्धती आपण सगळ्यांनीच घोकल्या. फरक विचारला की कोणी कार्डांचा आकार सांगायचं, कोणी लागणारा वेळ. खरा फरक कोणी शिकवला नाही.

नेवार्कमध्ये पुस्तकाच्या कार्डावर वाचकाचा क्रमांक आणि तारीख लिहितात. पुस्तक परत आलं की ते कार्ड पुन्हा पुस्तकाच्या खिशात जातं. म्हणजे मागच्या पंधरा-वीस वाचकांचे क्रमांक एकाखाली एक घेऊन ते पुस्तक मांडणीवर उभं असतं. कोणीही काढून वाचावं. एखाद्या पुस्तकावर कोणाचं लक्ष असेल तर त्याला रजिस्टरसुद्धा मागावं लागत नाही.

ब्राऊनमध्ये वाचकाला खिशाच्या आकाराची तिकिटं मिळतात. पुस्तक देताना पुस्तकाचं कार्ड त्या तिकिटात सरकवायचं आणि परतीच्या तारखेमागे ट्रेमध्ये लावायचं. पुस्तक बाहेर आहे तोवर कोणाकडे आहे ते दोन मिनिटांत सापडतं. परत आलं की कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात आणि जोडी तुटली. मागे काहीच उरत नाही. तारीखपट्टीवर फक्त तारखा. दिवसअखेर ट्रेमधली कार्डं मोजली की आकडा मिळतो, नाव लागत नाही. शंभरावर वर्षं जुनी पद्धत आहे, पण वाचकाचा माग न ठेवण्यात आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरच्या पुढे आहे.

तुमच्याकडे रजिस्टरच असेल आणि ते मोडणं शक्य नसेल, तर दोन भाग करा. एक कायमची दैनिक आकडेवारी वही: आज किती पुस्तकं गेली, किती आली, त्यात कथा-कादंबरी किती, बालसाहित्य किती, संदर्भ किती. दुसरी सुट्या पानांची फाइल, जिच्यात नाव-पुस्तक अशी जोडी असते. तपासणीला येणाऱ्यांना रोजची सरासरी बघायची असते. मात्र आपल्या जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाला एक पत्र लिहून विचारून घ्या की देवघेवीचा कोणता तपशील, कोणत्या नमुन्यात आणि किती वर्षं दाखवावा लागेल. उत्तर लेखी घ्या. ते कपाटात असलं की पुढचे अर्धे वाद होतच नाहीत.

फाइलमध्ये पुस्तकाचं नाव लिहू नका, दाखल क्रमांक पुरे. दाखल नोंदवही वेगळ्या कपाटात असते, त्यामुळे काउंटरवर डोकावणाऱ्याला '४३७१' एवढंच दिसतं. तपास करणारा ते जुळवील, पण शेजारच्या रांगेतला जुळवणार नाही आणि आपल्या गावात बातमी तिथूनच फुटते. आणखी एक: सहीसाठी रजिस्टर वाचकाकडे फिरवू नका. वरच्या सहा ओळी तो वाचतोच.

थकबाकीदारांची यादी फलकावर लावायची जुनी सवय बंद करा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. ज्याचं पुस्तक राहिलं आहे त्याला एकट्याला निरोप द्या, तोही पुस्तकाचं नाव न घेता: 'आपल्याकडे वाचनालयाचं एक पुस्तक बाकी आहे.' तो फोन घरात कोणाच्या हातात असेल ते आपल्याला माहीत नसतं.

कोहा, एक्सेल आणि बॅकअप

कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी जरा लक्ष द्या, कारण वाचनाचा इतिहास पुसायची सोय त्यात आहे आणि बहुतेक ठिकाणी ती कोणी चालूच केलेली नसते. आधी एक खोटा वर्गणीदार तयार करा, नाव काहीही ठेवा, 'अनामिक' चालेल. त्याचा अंतर्गत क्रमांक सिस्टम प्रेफरन्समधल्या 'अॅनॉनिमसपेट्रन'मध्ये टाका. हे केल्याशिवाय पुढचं नीट चालत नाही. मग 'ओपॅकप्रायव्हसी' चालू करा. वर्गणीदारांच्या प्रत्येक प्रवर्गात इतिहास किती ठेवायचा याचे पर्याय असतात. तिथे 'नेव्हर' निवडलं की पुस्तक परत आल्याक्षणी नाव सुटतं आणि त्या जागी 'अनामिक' बसतो. किती वेळा गेलं हा आकडा शाबूत राहतो, कोणी नेलं हे जातं. जुना साठा काढायला टूल्समध्ये ठरावीक तारखेआधीचा इतिहास एकदम अनामिक करायची सोय आहे.

इथे बरेच जण थांबतात आणि तिथेच फसतात. कोहाची एक वेगळी लॉगची टेबल असते. 'इश्यूलॉग' आणि 'रिटर्नलॉग' चालू असतील तर प्रत्येक देवघेव तिथे वर्गणीदाराच्या क्रमांकासकट पुन्हा लिहिली जाते. इतिहास अनामिक केला तरी ती तशीच राहते. तसंच पाठवलेल्या ईमेल-एसएमएसचा मजकूर, पुस्तकाच्या नावासह, निरोपांच्या रांगेत पडून असतो. ज्याने कोहा बसवून दिलं त्याला सांगा की ठरावीक दिवसांपेक्षा जुने लॉग आणि निरोप आपोआप साफ होतील असं काम रात्रीच्या वेळेवर लावून दे. 'क्लीनअप डेटाबेस' नावाची स्क्रिप्ट कोहाबरोबरच येते, त्याला कळेल.

मग बॅकअप. मुख्य संगणकावरून पुसलं आणि मागच्या तीन वर्षांचे बॅकअप पेनड्राइव्हवर, ग्रंथपालाच्या घरच्या लॅपटॉपवर आणि कोणाच्या तरी खासगी गूगल ड्राइव्हवर असतील तर पुसणं हा नुसता उपचार झाला. बॅकअप किती, कुठे, कोणाकडे याची यादी करा, शेवटचे दोन ठेवा, बाकीचे काढा. गावातल्या कोणी बनवून दिलेलं सॉफ्टवेअर असेल तर त्याला एकच प्रश्न विचारा: 'पुस्तक परत आल्यावर नाव काढता येतं का?' नाही म्हणाला तर करून द्यायला सांगा. एक्सेल असेल तर महिनाअखेरीला बेरजा आकडेवारी वहीत उतरवा आणि परत आलेल्या पुस्तकांपुढची नावं पुसा.

फॉर्म, आधार आणि रद्दी

नव्या वर्गणीदाराकडून आपण काय काय घेतो? नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, व्यवसाय, शिक्षण, दोन फोटो आणि आधारची झेरॉक्स. यातलं पुस्तक परत मिळवायला लागतं ते नाव, पत्ता आणि फोन. अनामत आपल्याकडे असतेच. जन्मतारीख कशाला? बालविभागासाठी वय पुरतं. जात आणि धर्माचा रकाना असलेले जुने छापील फॉर्म मी अजूनही पाहते. ते संपेपर्यंत वापरू नका, आजच फेका.

आधारची झेरॉक्स घेऊ नका. पत्ता खरा आहे का एवढंच बघायचं असेल तर लाइट बिल बघा, परत द्या आणि फॉर्मवर 'पत्ता पाहिला' लिहून सही करा. कोणी आधारच देत असेल तर मास्क केलेलं घ्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. आधीच्या झेरॉक्सचे गठ्ठे कपाटात असतील तर तेही काढायच्या यादीत घाला.

काढायचं म्हणजे रद्दीवाल्याला द्यायचं नाही. आपल्याकडे वाचनालयाची रद्दी किलोवर जाते आणि दोन दिवसांनी तिच्यात भेळ मिळते. गावात श्रेडर नसेल तर हाताने उभं-आडवं फाडून, पाण्यात भिजवून लगदा करा. आमच्याकडे शिपाई आणि मी मिळून करतो, वर्षातून एक दुपार जाते. वर्गणीच्या पावत्या, कीर्द, खतावणी, इतिवृत्त, जडवस्तू नोंद यांना हात लावू नका. तो हिशेब आहे, लेखापरीक्षकाचा आहे. आपण काढतो आहोत ती फक्त कोणी काय वाचलं याची नोंद.

इंटरनेटचा कोपरा आणि कॅमेरा

अभ्यासिकेतल्या संगणकाचं डाउनलोड्सचं फोल्डर एकदा उघडून बघा. भरतीचे अर्ज भरायला आलेल्या मुलामुलींची आधार कार्डं, जातीचे दाखले, नॉन-क्रिमिलेअर, सह्यांचे फोटो, हॉल तिकिटं सगळं तिथे पडलेलं असतं. कोणाचं ईमेल चालूच राहिलेलं असतं. पाळत ठेवणाऱ्याला इतकं आयतं कुठे मिळणार? उपाय साधा आहे. ब्राउझर गेस्ट पद्धतीने उघडेल असं ठेवा किंवा बंद करताना सगळं पुसलं जाईल असं सेटिंग लावा. डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर टाकलं तर संगणक बंद-चालू केला की तो पहिल्यासारखा कोरा होतो. निदान रोज संध्याकाळी शिपायाकडून ते फोल्डर रिकामं करून घ्या, रीसायकल बिनसकट.

एक अडचण मात्र आहे. २०११ चे सायबर कॅफेचे नियम सांगतात की ग्राहकाचं ओळखपत्र बघा, नाव-पत्ता-वेळ यांची नोंद आणि पाहिलेल्या संकेतस्थळांचा इतिहास किमान एक वर्ष ठेवा. सायबर कॅफेची कायद्यातली व्याख्या 'व्यवसायाच्या ओघात' लोकांना इंटरनेट देणाऱ्या ठिकाणाची आहे. ताशी पैसे घेऊन कोणालाही इंटरनेट देत असाल तर तुम्ही त्यात येता असं समजून चाला आणि वकिलाला विचारा. माझं मत विचाराल तर पैसे घेऊच नका. सोय वर्गणीदारांपुरती आणि फुकट ठेवा, म्हणजे आपण दुकान नाही हे सांगायला जागा राहते.

कॅमेरा बसवणारा नेहमी जास्तीत जास्त दिसेल असाच बसवतो. त्याला सांगा: एक दारावर, एक पुस्तकांच्या मांडणीकडे जाणाऱ्या वाटेवर. वाचनाच्या टेबलावर, संगणकाच्या पडद्यावर आणि काउंटरवरच्या रजिस्टरवर नको. डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, चित्रण किती दिवसांनी आपोआप पुसलं जातं ते बघा आणि कमीत कमी ठेवा. पुस्तकचोरी आठवड्याच्या आत कळली नाही तर महिन्याच्या चित्रणातही सापडत नाही.

पोलीस आले तर

तोंडी विचारलं तर तोंडी उत्तर नाही. फोनवर तर नाहीच, पलीकडे कोण आहे ते कळत नसतं. शांतपणे सांगायचं की मंडळाच्या ठरावाप्रमाणे वर्गणीदारांची माहिती लेखी मागणीवरच देता येते. बसा म्हणा, चहा द्या. शिपायालाही हे वाक्य पाठ करून ठेवायला लावा, कारण आपण जेवायला घरी गेलो की विचारणा त्याच्याकडे होते.

लेखी आलं तर ते कोणाचं आहे ते बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ९४ खाली न्यायालय समन्स काढू शकतं किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो, तोही तपास, चौकशी किंवा खटल्याच्या कामासाठी. जुन्या फौजदारी संहितेतलं कलम ९१ ते हेच. आदेशावर प्रभारी अधिकाऱ्याची सही आहे का, गुन्हा रजिस्टर नंबर किंवा तपासाचा उल्लेख आहे का, कोणत्या नोंदी आणि कोणत्या तारखांच्या हव्यात ते स्पष्ट आहे का, हे बघा. आवक क्रमांक घाला, पोच द्या आणि कार्यवाहांना कळवा. 'सर्व वर्गणीदारांची यादी व त्यांनी नेलेली पुस्तके' अशी मोघम मागणी असेल तर उत्तर असं जाऊ द्या:

'आपले पत्र मिळाले. मागितलेली माहिती वाचनालयाच्या वर्गणीदारांच्या वाचनाविषयी असून वैयक्तिक स्वरूपाची आहे. सदर मागणी कोणत्या तपासाच्या संदर्भात व कोणत्या कायदेशीर तरतुदीखाली आहे, तसेच नेमक्या कोणत्या नोंदी व कोणत्या कालावधीच्या आवश्यक आहेत, हे कृपया लेखी कळवावे. त्याप्रमाणे वाचनालय कायद्यानुसार तत्काळ कार्यवाही करील.'

यात नकार नाही. मागणी नेमकी करून घेणं आहे. आदेश कायदेशीर आणि नेमका असेल तर तेवढंच द्या. एका वर्गणीदाराची मार्चची नोंद मागितली तर पूर्ण रजिस्टर हातात ठेवू नका. त्या नोंदीची साक्षांकित प्रत द्या आणि काय दिलं त्याची पोच घ्या. मूळच हवं असा आग्रह असेल तर ते पान काढून द्या, त्याची झेरॉक्स आपल्याकडे ठेवा.

यूएपीएचं प्रकरण असेल तर गोष्ट कडक आहे. त्यातल्या कलम ४३-एफ खाली तपास अधिकारी, पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी पूर्वपरवानगी घेऊन, कोणत्याही संस्थेकडून किंवा व्यक्तीकडून माहिती मागू शकतो. न दिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ती परवानगी बघायला मागा, त्याच दिवशी वकिलाला गाठा आणि असेल ते द्या. आपल्याकडे चालू देवघेवीपलीकडे काही नसेल तर देण्यासारखंही फारसं नसतं. पहिल्यापासून मी नोंद कमी करण्यावर भर देते आहे तो याचसाठी.

झडती घ्यायला आले तर आडवे येऊ नका, सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा अंगावर येतो. पण वॉरंट असेल तर ते वाचा. वॉरंटशिवाय कलम १८५ खाली घेत असतील तर कारणं आधी लेखी नोंदवलेली असावी लागतात. कलम १०३ प्रमाणे परिसरातले दोन प्रतिष्ठित, तटस्थ पंच हवेत, नेलेल्या प्रत्येक वस्तूची यादी हवी आणि तिची प्रत आपल्याला मिळायला हवी. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं. संगणकच उचलून नेत असतील तर मेक, सीरियल नंबर आणि हार्डडिस्कचा नंबर यादीत लिहून घ्या.

ग्रंथपाल बाई असेल आणि तिला साक्षीदार म्हणून 'ठाण्यात या' म्हटलं तर कलम १७९ लक्षात ठेवा. त्या कलमाखाली लेखी आदेश लागतो आणि बाईला किंवा साठीच्या पुढच्या माणसाला राहत्या घराखेरीज दुसरीकडे बोलावता येत नाही. हे आमच्या तालुक्यातल्या बऱ्याच जणींना माहीत नव्हतं.

ठराव, आणि कधी फाडायचं नाही

२००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या वाचनालयांनी रोजच्या रोज नोंदी श्रेडरमध्ये घालायला सुरुवात केली, कारण पॅट्रिअट या दहशतवादविरोधी कायद्याने एफबीआयला, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेला, वाचनालयाच्या नोंदी मागायची मुभा दिली होती. दोन वर्षांनी कनेक्टिकटमधल्या वाचनालयांच्या एका संघाला एफबीआयचं पत्र आलं: अमुक दिवशी अमुक वेळेला तुमचा संगणक कोणी वापरला ते सांगा आणि हे पत्र आल्याचं कोणाला सांगू नका. तिथले चार ग्रंथालयीन लोक कोर्टात गेले आणि शेवटी एफबीआयने मागणी मागे घेतली. आपल्याला कोर्टबाजी झेपणार नाही. पण सांताक्रूझने केलं ते झेपतं, कारण ते नेमाने आणि उघडपणे केलेलं होतं.

नेमाने करणं हीच यातली कळ आहे. मागणी आल्यावर, किंवा येणार अशी कुणकुण लागल्यावर नोंद फाडली तर तो पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा होतो आणि तिथे कोणी आपल्याला वाचवू शकत नाही. म्हणून आधी ठराव, मग ठरलेल्या महिन्यात, दरवर्षी, कोणाचं नाव न बघता सगळंच. आमच्या इतिवृत्तातला मसुदा देते, हवा तसा बदलून घ्या:

'वर्गणीदार व पुस्तक यांचा संबंध दाखविणारी देवघेव नोंद, पुस्तक परत आल्यानंतर आणि संबंधित आर्थिक वर्षाची तपासणी व लेखापरीक्षण पूर्ण झाल्यानंतर नष्ट करण्यात यावी. दैनिक देवघेवीची आकडेवारी कायम जतन करावी. ज्या नोंदीबाबत न्यायालयाचे समन्स, पोलिसांचा लेखी आदेश किंवा चौकशी प्रलंबित आहे ती नष्ट करू नये. वर्गणीदाराविषयीची माहिती तोंडी अथवा दूरध्वनीवरून कोणासही देऊ नये. लेखी मागणी आल्यास ग्रंथपालाने ती कार्यवाहांपुढे ठेवावी व कार्यवाहांनी कायदेशीर सल्ला घेऊन उत्तर द्यावे.'

'कोणासही' हा शब्द मुद्दाम आहे. त्यात मुलगी काय वाचते हे विचारणारे वडीलही येतात आणि आपल्याच मंडळाचे सदस्यही. माहिती अधिकाराखाली अर्ज आला तरी वर्गणीदाराची वैयक्तिक माहिती कलम ८ च्या सवलतीत बसते, आकडेवारी खुशाल द्या.

ठराव मांडताना सूचक म्हणून एखादा वकील किंवा निवृत्त मुख्याध्यापक घ्या, चर्चा लवकर आटपते. आमच्याकडे एका सदस्यांनी 'लपवण्यासारखं काय आहे?' असं विचारलं. मी त्यांच्याच नावाचं पान काढायला उठले, तर म्हणाले, "राहू द्या, मंजूर."

नष्ट करण्याच्या दिवशी काय नष्ट केलं, कोणत्या वर्षाचं, कोणत्या ठरावाने, एवढी एक ओळ इतिवृत्तात लिहा आणि कार्यवाहांची सही घ्या. ठरावाची प्रत काउंटरच्या काचेखाली वाचकांना दिसेल अशी ठेवा. नवा मदतनीस आला की पहिल्या दिवशी तीच वाचायला द्या, मग त्याला दाखल क्रमांक कसा घालायचा ते शिकवा.